पायाचें वर्ष

घर पाहावयास आलेला पाहुणा पाया पाहत नाहीं. तो दालनें पाहतो, खिडक्यांतून येणारा वारा वाखाणतो आणि चहा घेऊन निघून जातो. विद्यापीठाच्या शिक्षणाविषयीं आपण सारे असेच पाहुणे असतों. पदवी कोणती, वर्ग कोणता आणि पुढें नोकरी कोठें, एवढें विचारून आपली चौकशी संपते. त्या पदवीखालीं काय रचलें आहे, हें विचारण्याचें कारण सहसा पडत नाहीं.

तें कारण हल्लीं एका निराळ्या वाटेनें आपल्या घरांपर्यंत येऊन पोंचलें आहे. इंग्लंडांतील कित्येक विद्यापीठांत समाजशास्त्र व गुन्हेगारीशास्त्र या जोडविषयाच्या पदवीच्या आधीं आणखी एक वर्ष जोडलेलें असतें. त्यास तेथें ‘पायाभूत वर्ष’ म्हणतात. ज्यांचे गुण थोडक्यांत हुकले, ज्यांची शाळा मध्येंच सुटली, किंवा जे दहा-वीस वर्षें संसार व मोलमजुरी करून पुन्हां विद्येकडे वळले, त्यांस या वर्षाच्या दारानें पदवीच्या वर्गांत जातां येतें. आपल्याकडे ही गोष्ट निघाली म्हणजे घरांतील वडील मंडळी विचारतात कीं, हें एक वर्ष म्हणजे कच्च्या विद्यार्थ्यास केलेला दंडच नव्हे काय?

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी कीं, शास्त्र पक्कें असतें आणि कच्चा असतो तो विद्यार्थी. गणिताविषयीं असें म्हणतां येईल. समाजाचा आणि गुन्हेगाराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रांविषयीं मात्र इतिहासाची साक्ष निराळी आहे. आणि त्या साक्षीचा बराच भाग आमच्या वर्धा जिल्ह्यांत व त्याच्या आसपास सांपडतो. ती साक्ष क्रमानें वाचकांपुढें मांडावी, असा आमचा विचार आहे.

पायाभूत वर्षाची कल्पना आरंभीं कच्च्यांसाठीं मुळींच नव्हती. इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत, चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यांनीं गजबजलेल्या प्रदेशाजवळ, कील येथें १९४९ सालीं एक नवें विद्यापीठीय महाविद्यालय स्थापन झालें आणि १९५० मध्यें त्याचे वर्ग सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य ए. डी. लिंडसे हे त्यापूर्वीं अनेक वर्षें ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचे प्रमुख होते, आणि कामगारांच्या प्रौढशिक्षणाच्या चळवळीशीं त्यांचा दीर्घ संबंध होता. त्यांनीं पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा केला व पहिलें वर्ष सर्वांस सक्तीचें ठेवलें. त्या वर्षीं भावी इतिहासकारास विज्ञान ऐकावें लागे आणि भावी रसायनशास्त्रज्ञास तत्त्वज्ञान व इतिहास यांचीं व्याख्यानें ऐकावीं लागत. हुशारांतला हुशार विद्यार्थीहि यांतून सुटत नसे. कारण विशेषज्ञास आपल्या विषयापलीकडचें जग दिसेनासें होतें, ही लिंडसे यांची मूळ काळजी होती. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तेथेंहि तीन वर्षांच्या पदव्या आल्या, सक्तीचें वर्ष हळूहळू मागें पडलें, आणि ‘पायाभूत’ हा शब्द प्रवेशास कमी पडणाऱ्यांच्या वर्गास चिकटला. जें सर्वांचें कर्तव्य होतें तें थोड्यांचें उणें ठरलें.

याच लिंडसे यांचा हिंदुस्थानाशीं दोन प्रकारें संबंध आला. ख्रिस्ती महाविद्यालयांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून ते १९३०-३१ च्या सुमारास या देशांत येऊन गेले. आणि १९३१ मध्यें गोलमेज परिषदेसाठीं विलायतेस गेलेले गांधीजी ऑक्सफर्डला आले, तेव्हां त्यांच्याच घरीं उतरले. या भेटींतून अमुक एक निघालें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या दोन पुरुषांनीं पुढें ‘पाया’ हा शब्द शिक्षणाच्या मध्यभागीं आणून ठेवला, ते एकदां एका छपराखालीं राहिले होते, एवढेंच ध्यानांत घ्यावयाचें. त्यांपैकीं एकानें आपली शाळा मांडली ती वर्ध्यास.

गांधीजी १९३४ मध्यें वर्ध्याच्या मगनवाडींत राहावयास आले आणि १९३६ मध्यें जवळच्या शेगांवीं गेले; त्या गांवाचें नांव १९४० मध्यें सेवाग्राम झालें. १९३७ च्या ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयांत राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. प्रांतोप्रांतीं काँग्रेसचीं मंत्रिमंडळें नुकतींच अधिकारावर आलीं होतीं. सर्व मुलांस शिकवावयाचें तर पैसा पाहिजे. तो पैसा बव्हंशीं दारूच्या उत्पन्नांतून येई, आणि दारूबंदी तर करावयाची होती. असा रोकडा पेंच समोर असतां परिषदेनें चार गोष्टी मान्य केल्या: शिक्षण सात वर्षांचें, मोफत व सक्तीचें असावें, तें मातृभाषेंतून द्यावें, तें एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफलेलें असावें, आणि शिक्षकाचा पगार हळूहळू त्या उत्पन्नांतून निघावा. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिती नेमली, तिनें त्याच वर्षीं डिसेंबरांत अहवाल दिला. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला व जे. सी. कुमारप्पा हे तिच्या सभासदांत होते. १९३८ मध्यें हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला, आणि आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्यानें सेवाग्रामास हें काम आयुष्यभर वाहिलें. लोक या योजनेस ‘वर्धा योजना’ म्हणत. तिचें स्वतःचें नांव बुनियादी तालीम. आणि बुनियाद म्हणजे पाया.

या समितीच्या अभ्यासक्रमांत इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तीन सुटे विषय न ठेवतां त्यांचा मिळून ‘सामाजिक अभ्यास’ असा एकच विषय केला होता. आमच्या मतें वर्धा योजनेच्या या भागाकडे टकळीच्या मानानें फार थोडें लक्ष गेलें. सूत कांतणारा मुलगा, कापूस कोठून आला, तो कोणीं वेंचला, वेंचणारीस काय मिळालें, आणि तेंच कापड दुकानांत इतकें महाग कां, असें विचारूं लागला कीं समाजशास्त्राचा पहिला धडा सुरू होतो. वर्धा जिल्हा तर कापसाचाच. हिंगणघाटचा कापूस एके काळीं परदेशच्या बाजारांत त्या गांवाच्या नांवानें ओळखला जाई. अशा जिल्ह्यांत हा धडा रोज शाळेसमोरून गाड्या भरभरून जात असे.

योजनेवर टीकाहि झाली आणि ती सर्वस्वीं चुकीची नव्हती. मुलांच्या श्रमांतून शिक्षकाचा पगार काढणें म्हणजे शाळेचा कारखाना करणें, असें अनेक शिक्षणतज्ज्ञांनीं त्या वेळींच बजावलें होतें. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनें पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण अशी सलग मालिका कल्पिली. पण विद्यापीठाच्या उंबरठ्यापाशीं येऊन ती तुटली. स्वातंत्र्यानंतर ‘बुनियादी शाळा’ अशा पाट्या गांवोगांव लागल्या. परंतु त्या शाळांतून निघालेल्या मुलास पदवीची वाट सुकर नसल्यामुळें सुशिक्षित पालकांनीं त्या ‘दुसऱ्यांच्या मुलांसाठीं’ म्हणून सोडून दिल्या. कीलला जें झालें तेंच येथें झालें. सर्वांसाठीं घातलेला पाया थोड्यांच्या वांट्यास गेला, आणि मग त्या थोड्यांसच लोक कमी लेखूं लागले. सेवाग्रामास आनंद निकेतन नांवानें २००५ पासून पुन्हां नई तालीमची शाळा चालूं लागली, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

आतां विद्यापीठांकडे पाहूं. समाजशास्त्राचा विभाग मुंबई विद्यापीठांत १९१९ मध्यें पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखालीं निघाला. गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढें नगररचनाकार. शहराविषयीं मत देण्यापूर्वीं तें पायीं हिंडून पाहावें, असा त्यांचा दंडक असे. १९२४ पासून तो विभाग डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. मालवणचे घुर्ये हे संस्कृतचे पदवीधर. केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन यांच्यापाशीं शिकून ते समाजशास्त्राकडे वळले. त्याच्याहि आधीं, रायपुरास जन्मलेल्या आणि अमरावतीस शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत हिंदुस्थानांतील जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. तो १९०९ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्ञानकोशाचें मंडळ त्यांनीं आरंभीं काढलें तें नागपुरास. ज्यांनीं हें शास्त्र आपल्याकडे आणलें त्या पहिल्या पिढींतील मंडळी अशी जीवशास्त्रांतून, संस्कृतांतून, कोशकार्यांतून आलेली दिसते. तेव्हां समाजशास्त्रांत आडवाटेनें येणें ही लाजेची गोष्ट नाहीं. आपल्याकडील ती जुनीच रीत आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मुंबईस १९३६ मध्यें सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची उच्च शाळा निघाली. ती क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नागपाडा वस्तींतील सेवाकार्यांतून उभी राहिली, आणि १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नांवानें प्रसिद्ध आहे. मॅन्शार्ट यांच्यामागून तिचे संचालक झालेले डॉ. जे. एम्. कुमारप्पा हे वर्ध्याच्या जे. सी. कुमारप्पांचे सख्खे भाऊ. एक भाऊ मगनवाडींत ग्रामोद्योगांचें काम करीत होता आणि मध्यप्रांताच्या सरकारासाठीं खेड्यांतील धंद्यांची पाहणी करीत होता. दुसरा मुंबईंत भिकाऱ्यांचा आणि गरीब वस्त्यांचा प्रश्न विद्यार्थ्यांस शिकवीत होता. एकाचें क्षेत्र खेडें, दुसऱ्याचें शहर. परंतु दोघांच्याहि कामाचा पाया, आधीं माणसांत जाऊन पाहणें आणि मग मत बनविणें, हाच होता.

हा क्रम उलटला म्हणजे काय होतें, तें गुन्हेगारीशास्त्राच्या इतिहासांत दिसतें. इटलींतील वैद्य लोम्ब्रोझो यानें १८७६ मध्यें ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, कांहीं माणसें जन्मतःच गुन्हेगार असतात व कवटी, जबडा इत्यादि खुणांवरून तीं ओळखतां येतात. युरोपांत यावर मोठा वाद माजला आणि हें मत पुढें टिकलें नाहीं. पण हिंदुस्थानांत त्याच्या पांच वर्षें आधीं, १८७१ मध्येंच, सरकारनें कोणत्याहि शास्त्राची वाट न पाहतां याहून धाडसी गोष्ट कायद्यांत लिहून टाकली होती. लोम्ब्रोझो निदान एकेका माणसाची कवटी तरी मोजत असे. ‘गुन्हेगार जमातींच्या कायद्या’नें सबंध जमातीच गुन्हेगार ठरविल्या.

त्या कायद्याची रचना वाचकांनीं नीट समजून घ्यावी. एखादी जमात गुन्हे करण्यास सरावलेली आहे असें प्रांतिक सरकारास वाटलें कीं वरिष्ठ सरकारच्या मंजुरीनें तशी अधिसूचना निघे; ती बरोबर कीं चूक, हें न्यायालयास विचारण्याची मुभा नसे. मग त्या जमातींतील माणसांची नांवनिशी नोंदली जाई, ठराविक वेळीं हजेरी द्यावी लागे, आणि परवाना घेतल्याखेरीज हद्द सोडतां येत नसे. १९११ च्या कायद्यानें हें जाळें सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत पसरतां आलें. बोटांचे ठसे आले, सक्तीच्या वसाहती आल्या, आणि मुलांस आईबापांपासून वेगळें काढून शाळेंत ठेवण्याचा अधिकारहि सरकारकडे आला. १९२४ मध्यें तो कायदा पुन्हां एकत्र करण्यांत आला. ज्या मुलानें अद्यापि चालावयासहि आरंभ केला नव्हता, त्याच्या भविष्याची नोंद पोलिसांच्या पुस्तकांत अशी आधींच झालेली असे.

आणि या सर्वांस विद्येचें पाठबळ होतें, ही आम्हां अध्यापकांस अधिक बोंचणारी गोष्ट. मुंबई इलाख्यांतील गुन्हेगार वर्गांवर पोलीस अधिकारी केनेडी यांचें पुस्तक १९०८ मध्यें निघालें. आपल्या मराठींतहि, ‘गांव-गाडा’ लिहून १९१५ मध्यें खेड्याचा नमुनेदार अभ्यास देणारे त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं ‘गुन्हेगार जाती’ या विषयावर ग्रंथ लिहिलेला आहे. मध्यप्रांतांतील जातिजमातींचें रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं केलेलें चार खंडांचें वर्णन १९१६ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत पारध्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. हीं माणसें दुष्ट नव्हतीं. त्यांचे परिश्रम मोठे आहेत, आणि त्यांनीं टिपून ठेवलेली पुष्कळ माहिती आजहि उपयोगी पडते. तरी त्या काळच्या या वाङ्मयांत गुन्हा हा बहुधा जातीच्या चालीरीतींतच बसविलेला असतो: लग्न असें लावतात, देव अमुक पूजतात, आणि चोरी अशी करतात! ज्या मनुष्याचें वर्णन चाललें आहे, त्यास स्वतःला काय म्हणावयाचें आहे, हें विचारण्याची रीतच नव्हती.

आमच्या जिल्ह्यांतहि पारधी आहेत. पारध म्हणजे शिकार. फांस लावून तितर-लावे धरणें हा त्यांचा पिढीजात धंदा. रानें राखीव झालीं, माळ नांगराखालीं आले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर तो धंदाच गुन्हा झाला. एका कायद्यानें त्यांच्यांतील कित्येकांस जन्मानें गुन्हेगार ठरविलें आणि दुसऱ्यानें पोटाचा उद्योग गुन्ह्यांत घातला. मग गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय त्यांच्या बेड्यावर जावा, यांत आश्चर्य तें काय? येथें ‘गुन्हेगार कोण’ या प्रश्नाआधीं ‘गुन्हा कोणीं व केव्हां ठरविला’ हा प्रश्न येतो. गुन्हेगारीशास्त्राच्या विद्यार्थ्यानें पहिल्या वर्षीं दुसरें कांहीं न शिकतां एवढें जरी शिकलें, तरी तें वर्ष फुकट गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

येथें एक विलक्षण तुलना सुचते. सोलापूर येथें गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची मोठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तेथील माणसें कापडाच्या गिरण्यांत कामास जात, आणि मुलांस शाळा होती. इकडे सेवाग्रामासहि मुलें सूत कांतीत व हातानें काम करीत शिकत होतीं. दोन्ही ठिकाणीं श्रम आहेत, सूत आहे, शाळा आहे. भेद एवढाच कीं, एका ठिकाणीं मूल बिघडलेलें आहे असें धरून शिक्षणास आरंभ होई, आणि दुसऱ्या ठिकाणीं तें विश्वासास पात्र आहे असें धरून. पाया म्हणतात तो हाच. चरखा किंवा पुस्तक हें त्याच्या वरचें बांधकाम होय.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीनें या कायद्याची चौकशी केली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो रद्द झाला. त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवूं लागल्या, आणि तो दिवस त्या आजहि पाळतात. परंतु त्याच सुमारास राज्यांनीं सराईत गुन्हेगारांविषयींचे कायदे केले, आणि जुन्या संशयास नवें घर मिळालें. कायदा एका सहीनें रद्द होतो. ऐंशी वर्षांवर जनमानसांत मुरलेलें मत तसें रद्द होत नाहीं.

विद्यापीठीय गुन्हेगारीशास्त्र आपल्याकडे आलें तें यानंतर. मध्यप्रांतांतील नामांकित बॅरिस्टर डॉ. हरिसिंग गौर यांनीं, ज्यांचा हिंदुस्थानच्या दंडसंहितेवरील ग्रंथ वकिलांत सर्वमान्य होता आणि जे नागपूर विद्यापीठाचेहि कुलगुरु होते, १९४६ मध्यें स्वतःच्या मिळकतींतून सागर येथें विद्यापीठ स्थापिलें. सागर आणि वर्धा तेव्हां एकाच प्रांतांत होते. त्या विद्यापीठांत गुन्हेगारीशास्त्र व न्यायवैद्यकादि शास्त्रांचा विभाग १९५९ मध्यें निघाला. केंब्रिज विद्यापीठाची गुन्हेगारीशास्त्राची संस्थाहि त्याच वर्षींची. म्हणजे या शास्त्रांत आपण इंग्लंडच्या मागें होतों असेंहि नाहीं.

पण विद्यापीठाबाहेर याच विषयाचा एक पाठ आमच्या जिल्ह्यांतील एका माणसानें गिरविला होता. १९१६ मध्यें इंटरच्या परीक्षेसाठीं बडोद्याहून मुंबईस निघालेला एक विद्यार्थी सुरतेस उतरून काशीस गेला, आणि १९२१ मध्यें वर्ध्यास आश्रम चालवावयास आला. ते विनोबा. इंटर हाच त्या काळचा पदवीचा पाया; तो त्यांनीं सोडला. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत दर रविवारीं त्यांनीं कैद्यांपुढें गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. पुढें १९६० च्या मे महिन्यांत चंबळच्या खोऱ्यांत पदयात्रा करीत असतां वीसेक दरोडेखोरांनीं त्यांच्यापुढें आपलीं शस्त्रें ठेवलीं. पोलीस खात्यांतून यावर कडक टीका झाली: अशानें गुन्हेगारास मोठेपणा मिळतो आणि ज्यांच्या घरीं खून पडले त्यांचें दुःख विसरलें जातें. ही टीका निराधार नव्हती, आणि खोऱ्यांतील दरोडेखोरी त्यानें संपलीहि नाहीं. १९७२ मध्यें जयप्रकाश नारायण यांच्यापुढें पुन्हां शेंकडो लोक शरण आले. तरी एक गोष्ट या प्रसंगानें दाखविली. शासनाच्या भीतीनें जो आला नाहीं तो कधीं कधीं विश्वासानें येतो. आणि असें कां होतें, हा गुन्हेगारीशास्त्राचा खराखुरा प्रश्न आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पायाभूत वर्ष हा दंड आहे काय? त्यांत केवळ निबंध कसा लिहावा, टाचणें कशीं काढावीं आणि आंकडे कसे वाचावे, एवढेंच असेल, तर तें उपयुक्त आहे. पण त्याला पाया म्हणणें जड जाईल. पाया तेव्हां, जेव्हां विद्यार्थी घरून आणलेल्या समजुती एकदां बाहेर काढून पाहतो. आम्ही आमच्या वर्गांत कधीं कधीं पहिल्या दिवशीं ‘गुन्हेगार’ या शब्दासरशीं जें चित्र डोळ्यांपुढें येतें तें चार ओळींत लिहावयास सांगतों. चित्र बहुधा एकच येतें: मळके कपडे, रात्रीची वेळ, दुसऱ्याची वस्ती. बियाण्यांत भेसळ करणारा किंवा खोटे हिशेब लिहिणारा इसम त्या ओळींत क्वचितच सांपडतो. हीं मुलें गुणवान आहेत. नव्वदांवर टक्के मिळविलेलीं असतात. या बाबतींत मात्र कच्चीं तींच असतात.

उलट ज्यास आपण कच्चा म्हणतों, तो कित्येकदां याच धड्यांत पुढें असतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानें, जें १९८९ मध्यें स्थापन झालें, बारावी न झालेल्या प्रौढांसाठीं पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला, आणि त्या दारानें कामगार, गृहिणी व सुटलेल्या शाळेचीं माणसें पदवीपर्यंत आलीं. अशा वर्गांत एखादा विद्यार्थी विमुक्त जमातींतला असूं शकतो. त्यानें पोलिसांची हजेरी पुस्तकांत वाचलेली नसते, आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ १९८७ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां मराठी वाचकास जाणवलें कीं, ज्यांच्यावर शंभर वर्षें ग्रंथ लिहिले गेले त्यांस स्वतःलाहि लिहितां येतें. असा एक विद्यार्थी पहिल्या बांकावर बसला म्हणजे अध्यापकासहि आपलीं जुनीं टांचणें पुन्हां तपासावीं लागतात. काल जो अभ्यासाचा विषय होता तो आज अभ्यासक होतो. आणि शास्त्राची चूक दुरुस्त होण्याचा याहून खात्रीचा उपाय आम्हांस माहीत नाहीं.

एक व्यावहारिक आक्षेप राहतो, आणि तो टाळणें बरें नव्हे. एक वर्ष अधिक म्हणजे एका वर्षाचा खर्च अधिक. परदेशांत तर तो मध्यम स्थितींतील कुटुंबाचें कंबरडें मोडील; आणि ज्यांच्यासाठीं हें दार उघडलें म्हणावयाचें, त्यांसच तो सर्वांत कमी परवडतो. म्हणून मुलांस त्यासाठीं विलायतेस पाठवा, असें सांगण्यास आम्ही हा लेख लिहिलेला नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पायाचें काम पहिल्या वर्षींच, सर्वांसाठीं, आपल्याच महाविद्यालयांत व्हावें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें चार वर्षांची पदवी व पहिल्या वर्षीं अनेक विषयांचा परिचय ही कल्पना मान्य केली आहे. त्या वर्षांत काय भरावयाचें तें अजून आपल्या हातीं आहे. त्यांत चार सुट्या विषयांचे चार तुकडे भरतां येतील. किंवा विद्यार्थ्यास जिल्ह्यांतील एक गांव, एक कचेरी, एक तुरुंग आणि एक पारध्यांचा बेडा पाहावयास लावून, तेथें ऐकलेलें वर्गांत लिहावयास लावतां येईल. यास मोठा पैसा लागत नाहीं, एस्. टी.चें भाडें आणि अध्यापकाचा एक रविवार लागतो.

ज्यांच्या घरीं मुलगा किंवा मुलगी हा विषय घ्यावयाचा म्हणत आहे, त्या पालकांस शेवटीं एवढेंच सुचवावेंसें वाटतें. वर्ष वांचलें कीं गेलें याचा हिशेब करण्यापूर्वीं मुलास एकच गोष्ट विचारावी: आपल्या गांवांत चोरी झाली तर तुझ्या मनांत पहिला संशय कोणाचा येतो, आणि तो कां? या प्रश्नावर तो थबकला, तर त्याच्या पायाचें वर्ष सुरू झालें असें समजावें, मग तो कोणत्याहि वर्गांत असो.